जाहीर इशारा : सहीचा अधिकार हातात ठेवून प्रेम मागू नका

पैठण शहर आणि तालुक्यातले कारखानदार, संस्थाचालक, पतसंस्थांचे अध्यक्ष, डॉक्टर, वकील आणि सर्व कार्यालयप्रमुख यांनी हे नीट वाचावे.

दोन सज्ञान माणसांच्या प्रेमाला आमचा विरोध नाही. साहेब आणि त्यांची पीए यांची मने जुळू शकतात. पण जिचा पगार, रजा, कायम होण्याची ऑर्डर आणि अनुभवाचा दाखला तुमच्या सहीवर अडलेला आहे, तिच्या होकारावर तुम्हाला निर्धास्त राहता येणार नाही. नोकरी जाईल या भीतीने दिलेला होकार हा होकार नसतो.

हुकूम सोडणारा साहेब आणि आयुष्यात पोळलेली सेक्रेटरी. त्याने हक्क गाजवला की तिची जखम भरते, असे कथा-मालिकांत रंगवतात. प्रत्यक्षात काय होते ते ऐका. नवऱ्याने टाकलेली किंवा सासरी मार खाल्लेली बाई नोकरीला लागते. साहेब आपुलकीने विचारपूस करतात, अडचणीला ॲडव्हान्स देतात. ती विश्वासाने मागचे सगळे सांगते. मग रात्री-अपरात्री फोन सुरू होतात. सुट्टीच्या दिवशी ‘हिशेब राहिलाय’ म्हणून बोलावणे येते. संभाजीनगरच्या मीटिंगला तिला एकटीलाच गाडीत बसवले जाते. तिने नकार दिला, की ‘तुझं मागचं सगळ्यांना सांगू का?’ विश्वासाने सांगितलेले दुःख तिच्याच विरुद्ध वापरणे हा नीचपणा आहे.

‘मी तर हातही लावला नाही’ ही सबब चालणार नाही. १९८८ साली दिल्लीत ॲपेरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलच्या अध्यक्षांच्या खासगी सचिवाने डिक्टेशनच्या निमित्ताने एका टायपिस्ट महिलेला हॉटेलच्या बिझनेस सेंटरमध्ये नेले आणि तिच्याशी लगट करण्याचा प्रयत्न केला. त्याला नोकरीतून काढले गेले; पण त्याने केवळ प्रयत्न केला, असे म्हणून उच्च न्यायालयाने त्याला दिलासा दिला. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी १९९९ रोजी तो निकाल फिरवला आणि त्याची बडतर्फी कायम केली.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याने नोकरीत झुकते माप देण्याचे आमिष आणि नोकरी धोक्यात आणण्याची धमकी या दोन्ही गोष्टी लैंगिक छळात धरल्या आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम ६८ अधिकारपदाचा गैरवापर करून स्त्रीला शरीरसंबंधाला प्रवृत्त करणाऱ्याला किमान ५ आणि कमाल १० वर्षांची सक्तमजुरी सांगते. नोकरी-बढतीचे खोटे आमिष दाखवून संबंध ठेवणाऱ्याला कलम ६९ खाली १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून आजपासून १५ दिवसांच्या आत :

१. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती नेमा. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान निम्मे सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. मालकाच्या बायकोचे नाव घालून कागद रंगवू नका.
२. समितीच्या सदस्यांची नावे आणि छळाचे परिणाम सांगणारा फलक सर्वांना दिसेल असा लावा.
३. हाताखालच्या स्त्रीशी संबंध असेल, तर तिचा पगार, रजा आणि मूल्यमापन यांचे अधिकार लेखी दुसऱ्याकडे सोपवा. प्रेम खरे असेल तर हे जड जाणार नाही. जड जात असेल, तर ते प्रेम नव्हे.

मुदत संपल्यावर समिती न नेमणाऱ्या प्रत्येक आस्थापनेची लेखी तक्रार आम्ही जिल्हा अधिकाऱ्याकडे करू. पहिल्या कसुरीला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा कसूर केल्यास दुप्पट दंड होऊन परवानाही रद्द होऊ शकतो. तालुक्यासाठी तक्रार स्वीकारणारा अधिकारी नेमणे ही जिल्हा अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. तो कोण आणि कुठे बसतो, हे प्रशासनाने याच मुदतीत जाहीर करावे. नाही तर जाब प्रशासनालाही द्यावा लागेल.

आम्ही कोणाचेही नाव चौकात घेणार नाही. तक्रारदाराची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे आणि ती आम्ही पाळू. पण हे मौन साहेबांना वाचवण्यासाठी आहे, असे कोणी समजू नये.

आणि बायांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. घटनेपासून ३ महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. कारण सबळ असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल किंवा कामाला दहापेक्षा कमी माणसे असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते. मेसेज पुसू नका, कॉलच्या नोंदी जपून ठेवा. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. तुमचा भूतकाळ काहीही असो, त्याची किंमत वसूल करण्याचा हक्क कोणत्याही साहेबाला नाही. गप्प राहू नका, तक्रार करा. आम्ही सोबत येऊ.