दहा टक्क्यांचा कर आणि गिऱ्हाईकाचे मन

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात २०१३ साली एका लहान दुकानाच्या दारावर एक पाटी लागली. ग्लूटेन न चालणाऱ्या लोकांसाठी खाद्यपदार्थ विकणारे ते दुकान होते. नुसते पाहून जाणाऱ्याकडून पाच डॉलर घेतले जातील आणि काही खरेदी केल्यास तेवढी रक्कम बिलातून वजा केली जाईल, असा त्या पाटीचा आशय होता. लोक दुकानात येतात, कोणता पदार्थ कशासाठी चांगला याची खोदून खोदून चौकशी करतात आणि मग तोच माल दुसरीकडून मागवतात, हे त्यामागचे दुखणे होते. पाटीचे छायाचित्र जगभर फिरले. पुष्कळांना हसू आले, काहींना राग आला. ज्यांचे आयुष्य गादीवर किंवा गल्ल्यामागे गेले आहे, त्यांना मात्र हसू आले नसेल. गिऱ्हाईक येते, माल हाताळते, भाव विचारते आणि मोबाइलवर छायाचित्र काढून निघून जाते, हा अनुभव आता कोणत्याच बाजारपेठेला नवा राहिलेला नाही.

त्या काळातील ऑस्ट्रेलियन व्यापाऱ्यांच्या मनात आणखी एक सल होता, तो कराचा. त्या देशात वस्तू व सेवा कर १ जुलै २००० रोजी सुरू झाला आणि त्याचा दर दहा टक्के ठरला. परदेशातून येणारे एक हजार डॉलरपर्यंतचे पार्सल मात्र या करातून आणि सीमाशुल्कातून मोकळे होते. बुटांचा एक जोड ऐंशी डॉलरला विकायचा ठरला, तर स्थानिक दुकानदाराला त्यावर आठ डॉलर कर लावून अठ्ठ्याऐंशी डॉलर मागावे लागत. तोच जोड परदेशी संकेतस्थळावरून ऐंशी डॉलरलाच घरी येई. दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, विजेचे बिल हे सगळे सोसणाऱ्याने करही भरायचा आणि ज्याचे या देशात दुकानच नाही त्याने काहीच भरायचे नाही, हा न्याय कोणता, असा प्रश्न व्यापारी विचारू लागले.

ही सवलत मुळात सोयीपोटी दिलेली होती. किरकोळ पार्सल उघडून, त्याची किंमत ठरवून, आठ-दहा डॉलर वसूल करण्यासाठी सरकारचा त्याहून अधिक खर्च झाला असता. परदेशातून पार्सल येणे ही क्वचित घडणारी गोष्ट होती, तोवर ही व्यवस्था कोणालाच खुपली नाही. पुढे घरोघरी इंटरनेट आले, आणि २०१० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला पोहोचला. परदेशी माल एकाएकी स्वस्त झाला आणि अपवाद म्हणून ठेवलेली फट रुंद दरवाजा होऊन बसली.

त्याच सुमारास मोठ्या दुकानदारांच्या एका गटाने वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन ही सवलत रद्द करण्याची मागणी केली. हार्वे नॉर्मन या दुकानसाखळीचे गेरी हार्वे हे त्या मोहिमेचा चेहरा बनले. मागणी तर्काला धरून होती, तरी ग्राहक दुकानदारांवरच उलटले. देशातील अतिश्रीमंतांमध्ये गणली जाणारी माणसे सामान्य गिऱ्हाईकाच्या खिशात हात घालायला निघाली आहेत, अशी भावना पसरली. टीका इतकी झोंबरी झाली की जानेवारी २०११ मध्ये हार्वे यांनी त्या मोहिमेतून अंग काढून घेतले.

या रागाचे मूळ कराच्या दहा टक्क्यांत नव्हतेच. वर्षानुवर्षे आपल्याला महाग विकले गेले, असे ग्राहकांना वाटत होते. अमेरिकेत मिळणारी तीच वस्तू, तेच सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियात बऱ्याच जास्त किमतीला विकले जाई. या तफावतीला लोकांनी ‘ऑस्ट्रेलिया टॅक्स’ असे बोचरे नाव ठेवले होते. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंच्या किमतींवर जो अहवाल दिला, त्याच्या शीर्षकातही हे नाव आले. शिवाय स्थानिक दुकानांत मापे मिळत नाहीत, निवड थोडी असते, उत्तर गोलार्धात आलेला नवा माल येथे उशिरा पोहोचतो, अशा तक्रारी होत्याच. ज्याला वस्तू निम्म्या भावात मिळते आहे, त्याला दहा टक्क्यांचे अंतर बुजवण्याची भाषा पटणार कशी?

सरकारने घाई केली नाही. उत्पादकता आयोगाने २०११ मध्ये विचारपूर्वक निष्कर्ष काढला. ही सवलत तत्त्वतः टिकण्याजोगी नाही. परंतु सीमेवर प्रत्येक पार्सल अडवून कर घेतला, तर वसुलीपेक्षा खर्च जास्त होईल, तेव्हा वसुलीची स्वस्त रीत सापडेपर्यंत मर्यादा खाली आणू नये, असे त्याचे सांगणे होते. ती रीत पुढे सापडली. पार्सलाऐवजी विक्रेत्याला धरायचे ठरले. ज्या परदेशी कंपनीची ऑस्ट्रेलियातील विक्री वर्षाला पंच्याहत्तर हजार डॉलर किंवा अधिक आहे, तिने नोंदणी करावी, विक्रीच्या वेळीच दहा टक्के कर घ्यावा आणि सरकारकडे भरावा, अशी ही योजना होती. ज्या मंचावर असंख्य छोटे विक्रेते माल विकतात, तेथे तो मंचच विक्रेता मानला जाणार होता. परदेशातील पत्त्यावर माल घेऊन तो पुढे धाडणाऱ्या सेवाही कायद्यात आल्या. कायदा जून २०१७ मध्ये मंजूर झाला. अंमलबजावणी मात्र एक वर्ष पुढे ढकलून १ जुलै २०१८ पासून करण्याचे ठरले.

त्यानंतर जे घडले, त्यातून गिऱ्हाईकाचे मन खऱ्या अर्थाने उघड झाले. अंमलबजावणीला महिनाभर उरला असताना अ‍ॅमेझॉन कंपनीने जाहीर केले की यापुढे ऑस्ट्रेलियातील ग्राहकांना तिच्या अमेरिकेतील संकेतस्थळावरून माल मागवता येणार नाही. त्यांनी स्थानिक संकेतस्थळच वापरावे. स्थानिक संकेतस्थळ डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेले होते आणि त्यावरील मालाची निवड अमेरिकेच्या तुलनेत फारच थोडी होती.

ग्राहकांचा संताप उसळला, परंतु त्याचा रोख पाहण्यासारखा होता. आठ डॉलर जादा द्यावे लागतील याची कुरकुर थोड्यांनी केली. जुन्या यंत्राचा सुटा भाग, दुर्मीळ पुस्तक, विशिष्ट मापाचा कपडा आता मिळणार कोठून, हे गाऱ्हाणे अनेकांचे होते. दहा टक्के घ्या, पण दार बंद करू नका, असा त्याचा सूर होता. कोणी सरकारला बोल लावला, कोणी कंपनीला. कोणी परदेशी पत्त्याच्या सेवांचा आधार शोधला. काहींनी, विशेषतः छोट्या दुकानदारांच्या घरांतील लोकांनी, उशिरा का होईना न्याय झाला असे म्हटले. पाच महिन्यांच्या आत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, कंपनीने निर्णय फिरवला. ग्राहकांचे म्हणणे ऐकून आणि कर घेण्याची यंत्रणा उभारून तिने अमेरिकेचे दालन पुन्हा खुले केले.

कर आता गिऱ्हाईकाच्या बिलात मुकाट्याने जाऊन बसला. पहिल्या तीन वर्षांत सुमारे तीस कोटी डॉलर मिळतील असा सरकारचा आरंभीचा अंदाज होता. वसुली त्याहून अधिक झाली. शेजारच्या न्यूझीलंडने १ डिसेंबर २०१९ पासून पंधरा टक्क्यांनी तीच वाट धरली. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ रोजी बावीस युरोपर्यंतच्या मालाची करमाफी काढून टाकली. सिंगापूरने २०२३ च्या आरंभी आणि मलेशियाने २०२४ च्या आरंभी अशीच पावले टाकली.

मग ऑस्ट्रेलियातील गिऱ्हाईक दुकानात परतले का? व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर फारसे सुखाचे नाही. परदेशातून मागवणे थांबले नाही. कर लागू असतानाच, २०२३ मध्ये, टेमू हे चिनी मूळ असलेले नवे संकेतस्थळ त्या देशात आले आणि पाहता पाहता लोकप्रिय झाले. करामुळे दुकानदाराला न्याय मिळाला, गिऱ्हाईक मिळाले नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दहा वर्षे त्या एकच समजल्या गेल्या. आठ डॉलरचे अंतर कायद्याने बुजले. निवड, भाव, तत्परता आणि विश्वास यांतील अंतर बुजवणे कायद्याच्या हाती नव्हते.

म्हणून व्यापाऱ्यांची मागणी चूक ठरत नाही. एकाच रस्त्यावर चालणाऱ्या दोघांपैकी एकाच्याच डोक्यावर ओझे ठेवणे अन्यायाचेच होते. मात्र ओझे सारखे झाले म्हणजे चाल सारखी होते असे नाही. ब्रिस्बेनच्या त्या दुकानाची पाटी याच ठिकाणी विचार करायला लावते. त्या दुकानापाशी मोलाची गोष्ट होती, ती म्हणजे माहिती. कोणाला काय चालते, काय सोसत नाही, हे तेथे समजत होते. ती माहिती फुकट जाते याचे दुःख रास्त होते. पण दारावरच्या पाटीने गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेरच थबकते. माहितीचे मोल गिऱ्हाईकाच्या मनात रुजवायचे, तर त्याला पुन्हा यावेसे वाटेल असे काही तरी द्यावे लागते. घेतलेला माल बिनतक्रार बदलून देणे, नसलेली वस्तू दोन दिवसांत मागवून देणे, बिघडलेली वस्तू दुरुस्त करून देणे, गिऱ्हाईकाच्या घरातील कार्य लक्षात ठेवणे ही जुनी भांडवले आहेत. त्यांवर कोणत्याही देशाने अजून कर बसवलेला नाही.

या विषयाची दुसरी बाजू दुकानाची नसून घराची आहे. दुकानदार हा संध्याकाळी शटर ओढल्यावर स्वतःच गिऱ्हाईक होतो. एखादे कापडाचे दुकान असलेले कुटुंब कल्पावे. जेवताना वडील म्हणतात, ‘‘ऑनलाइनने धंदा बुडवला.’’ त्याच वेळी मुलीच्या हातात परदेशातून आलेले पार्सल असते. ती विचारते, ‘‘बाबा, आपल्या पेठेत हे मिळत असते तर मी तिकडून कशाला मागवले असते?’’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. पेठेतल्या प्रत्येक गिऱ्हाईकाच्या मनातला तो प्रश्न आहे. घरातली लेक तो तोंडावर विचारते, एवढाच फरक. तिला गप्प करण्याऐवजी तिचे ऐकून घेतले, तर पुढच्या हंगामात कोणता माल भरावा हे कदाचित तिच्याकडूनच कळेल.

भारतातही या प्रश्नाचा एक धागा आहे. येथे पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला सीमाशुल्कातून सूट होती. काही परदेशी विक्रेते विकलेला माल भेट म्हणून दाखवून या सवलतीचा लाभ उठवू लागले. तेव्हा विदेश व्यापार महासंचालनालयाने डिसेंबर २०१९ मध्ये अधिसूचना काढून भेट म्हणून होणारी अशी शुल्कमुक्त आयात बंद केली. पूर्ण शुल्क भरून भेट आणता येते. शुल्कावाचून येण्यास दोनच गोष्टी उरल्या: जीवरक्षक औषधे आणि राखी. परदेशी असलेल्या बहिणीने भावाला धाडलेली राखी सरकारने मोकळी ठेवली. राखीसोबतची भेटवस्तू मात्र त्या सवलतीत बसत नाही.

या तरतुदीपाशी व्यापारी घराने क्षणभर थांबावे. दिवसा पेढीवर बसून परदेशी विक्रेता कर बुडवतो म्हणून तक्रार करायची आणि रात्री परदेशातील भाच्याला फोन करून ‘पार्सलवर किंमत कमी लिही’ असे सांगायचे, हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून घडू शकते. रक्कम थोडी असते, पकडले जाण्याची भीतीही फारशी नसते. परंतु समोर बसलेली मुले सर्व ऐकत असतात. पेढीची वही चोख ठेवावी हे त्यांना उपदेशाने शिकवता येत नाही; पार्सलावर खरी किंमत लिहवून ते शिकवता येते.

समान कराची मागणी करणाऱ्या व्यापाऱ्याने, आपण गिऱ्हाईक असतानाही तो कर पुरता चुकता केला, तरच त्याच्या मागणीला वजन राहते. आणि पेठेतील दुकान टिकावे असे ज्याला वाटते, त्याने महिन्याची एखादी तरी खरेदी शेजारच्या दुकानातून करावी. तेथे दोन रुपये जास्त पडतील. पण आपल्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाईकाकडून आपली अपेक्षाही नेमकी तीच असते.