गावाचे नाव आणि वस्तीचे नाव

वाचकहो, खेड्याची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. हिरवे शिवार, देवळाचा कळस, पारावर बसलेली म्हातारी माणसे. हे वर्णन खोटे नसते, पण अपुरे असते. गाव दुरून पाहिले की झाडे दिसतात. आत शिरले की कोणाचे घर कोठे आहे ते दिसते आणि गावाचा स्वभाव तेथेच कळतो.

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा घ्या. सिंदखेडराजा तालुक्यातले हे गाव खेडे म्हणावे तर मोठे, शहर म्हणावे तर लहान. भोवती काळी जमीन. वावरात कापूस, सोयाबीन, तूर. धुऱ्यावर बाभूळ नाहीतर निंब. पावसाळ्यात ही माती पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गावात पलसिद्धांचा मठ आहे, प्रल्हाद महाराजांची समाधी आहे, पोलीस ठाणे आहे. वऱ्हाडातल्या अशा गावाची ओळख करून देताना एवढे सांगून लोक थांबतात.

इतिहास सांगणारे आणखी एक गोष्ट सांगतात. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या शिवारात मोठी लढाई झाली. निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान समोरासमोर आले. मुबारिझ खान मारला गेला आणि दख्खनमध्ये निजामाची सत्ता पक्की झाली. विजयाची आठवण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव देण्यात आले. पण ते लोकांच्या तोंडी बसले नाही. बाजाराला जाणारी बाई साखरखेर्डाच म्हणत राहिली आणि निजामाचे नाव कागदावरच राहिले.

येथे आम्हांला एक प्रश्न पडतो. एवढ्या मोठ्या विजेत्याने दिलेले नाव लोकांनी टिकू दिले नाही. मग गावोगाव आपल्या वस्तीला चिकटवलेले जातीचे नाव शेकडो वर्षे कसे टिकले? उत्तर साधे आहे. ते नाव एखाद्या राजाच्या हुकमाने आले नव्हते. वेस, विहीर, वाट आणि स्मशान यांच्या वाटणीत ते रोज नव्याने उच्चारले जात होते. गावकऱ्यांना फत्तेखेर्ड्याची गरज नव्हती; वेशीबाहेरच्या वस्तीची मात्र त्यांना रोज गरज होती. सांगावा न्यायला, मेलेले जनावर ओढायला आणि वावरात राबायला.

इंग्रज अधिकारी चार्लस मेटकाफ याने हिंदुस्थानातील खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि आपल्याकडील अनेक विद्वानांना ते फार आवडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी या कौतुकाचा खरपूस समाचार घेतला. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर, असे त्यांनी बजावले आणि राज्यघटनेने खेडे नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी विचारले की अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? पराभूत टोळ्यांतून फुटलेली माणसे आश्रयासाठी गावाच्या कडेला राहिली, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे गावाचा नकाशा हाही इतिहासाचा दस्तऐवज आहे. लढाया पोथीत लिहिल्या जातात. हरलेल्यांचा इतिहास घरांच्या जागेत लिहिलेला असतो.

तो नकाशा हळूहळू बदलतो आहे. नळ आले, पक्की घरे आली, पोरे शिकून बाहेर पडली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे. पण फत्तेखेर्ड्याचा धडा विसरू नका. कागदावरचे नाव तोंडी बसले नाही तर ते मरते. पाटी भीमनगरची आणि पत्ता विचारणाऱ्याला सांगायचे जुनेच नाव, असे चालले तर बदलले काय?

म्हणून माताभगिनींना आमची विनंती आहे. येत्या सुटीत मुलांना आपल्या गावाचा नकाशा काढायला बसवा. शिवार, नाला, पाणंद, शाळा, विहिरी, स्मशानभूमी सारे त्यात येऊ द्या. आजी-आजोबांना विचारून प्रत्येक विहिरीवर कोण पाणी भरत असे आणि कोणाला बंदी होती तेही लिहायला सांगा. आणि आपल्या वस्तीचे नवे नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. मग शाळेत, टपालात, लग्नपत्रिकेत, रेशनच्या दुकानात तेच नाव सांगा. साखरखेर्ड्याच्या लोकांनी बोलून बोलून आपले नाव राखले. आपणही आपले नाव बोलून बोलूनच रुजवले पाहिजे.