चौथा ढीग

दिवाळीच्या आवराआवरीत आपण माळा झाडतो, पितळी डबे घासतो, गोधड्या उन्हात टाकतो. दागिन्यांचा डबा मात्र उघडतो, वरवर बघतो आणि पुन्हा कपाटात ढकलतो. यंदा मी तो जुन्या साडीवर चक्क उपडा केला.

काय नव्हतं त्यात! एकाच कानाचा झुबा, पॉलिश उडालेली एक ग्रॅमची दोन मंगळसूत्रं, हळदीकुंकवाला मिळालेली कानातली, तुटलेल्या मोत्यांच्या सरी. खोट्याचा ढीग पटकन वेगळा झाला. आमच्या पेणमध्ये अशा गोष्टी फुकट जात नाहीत. शेजारची ताई गणपतीच्या कारखान्यात खडे लावायला जाते, तिने मणी-खडे आनंदाने नेले. मग रोजच्या वापरातलं खरं सोनं एका बाजूला आणि वर्षानुवर्षं अंगाला न लागलेलं दुसऱ्या बाजूला. इथवर तासाभराचं काम.

अडलं ते चौथ्या ढिगाशी. हे नक्की कुणाचं? पुतळीमाळ सासूबाईंची, पण ती नातीला द्यायची असं मोठ्या जाऊबाई म्हणतात. चेन माझी, पण माझ्या माहेरच्या पाटल्या मोडून केलेली. उरलेलं सोनं कुठे गेलं ते यांनाही आठवत नाही आणि मलाही. तुमच्या डब्यातही असा ढीग निघेल, मैत्रिणींनो. आपण तो मोजत नाही, कारण विचारलं तर घरात वाईटपणा येतो.

हे मला टोचलं ते रोह्याच्या एका बचत गटातल्या बाईमुळे. नवरा गेला. मुलाच्या आयटीआयच्या फीसाठी तिने लग्नातल्या पाटल्या मागितल्या. लग्नानंतर आठवड्यातच त्या ‘सांभाळायला’ म्हणून सासूने घेतल्या होत्या. उत्तर आलं, “कुठल्या पाटल्या?” पावती नाही, वजन माहीत नाही. हाती काय, तर लग्नाचा एक फोटो, त्यात हात पदराखाली! चार जणींनी चार खेपा घातल्या तेव्हा एक पाटली परत आली.

खरं तर कायदा तिच्या बाजूने आहे. लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर बाईला प्रेमाने मिळालेलं ते स्त्रीधन, त्यावर तिचा एकटीचा हक्क. सासरच्यांनी सांभाळायला घेतलं तरी मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगून टाकलं. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात पुन्हा तेच. लग्नात ८९ पवन सोनं मिळालेलं, म्हणजे सातशे ग्रॅमच्या वर. पहिल्याच रात्री नवऱ्याने ते काढून घेऊन आईकडे ठेवायला दिलं आणि मग घरच्या देण्यापायी संपवलं, अशी तिची तक्रार. न्यायालयाने तिला २५ लाख रुपये द्यायला लावले. अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण परत करायची जबाबदारी त्याची, असं निकालात आहे. लग्न २००३ चं, निकाल २०२४ चा. एकवीस वर्षं!

अडचणीला सोनं द्यायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. २०१० साली पेण अर्बन बँकेत लोकांचे पैसे अडकले तेव्हा ओळखीच्या कितीतरी घरांत बायकांच्या बांगड्यांनीच चूल पेटती ठेवली. पण त्या बांगड्यांची नोंद कुणी ठेवली? बँकेतल्या ठेवीचा कागद निदान घरात होता.

म्हणून एक साधी वही केली. दागिना, कुणी दिला, कधी, वजन किती आणि सध्या कुठे आहे. शेजारी फोटो. वजन ओळखीच्या सोनाराकडे करून घेतलं. जुन्या बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, त्यामुळे काट्यावर दिसतं तेवढं सगळं सोनं नसतं, हे लक्षात ठेवा. हॉलमार्कची सक्ती २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली. आपल्या आई-आजीच्या दागिन्यांवर शिक्का नसणारच. म्हणून ते विकता येत नाहीत असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, येतात. फक्त शुद्धता तपासून घ्या आणि आटवायचे तर डोळ्यांसमोर.

आणि उगाच फॅशनपायी मोडू नका गं. दर वेळी घट जाते, नवी घडणावळ लागते, वर सोन्यावर ३ टक्के जीएसटी. माझा लफ्फा लेक घालणार नाही म्हणते. नको घालू दे! वहीत तिच्या नावापुढे लिहून ठेवलाय, पुढे तिचं ती बघेल.

सासूबाई पलंगावरून हे सगळं बघत होत्या. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, “पुतळीमाळ माझ्या आईने दिली होती. लिही तसं. आणि माझ्या बिलवरांचं काय झालं, तेही लिही. तुझ्या सासऱ्यांनी विहिरीसाठी मोडले, ते परत झालेच नाहीत.”

लिहिलं. जाऊबाई रविवारी येणार आहेत. वही त्यांच्यासमोर ठेवायची असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.