बेसबॉलमध्येही आला 'रिव्ह्यू', आणि मला मिळाला कोडिंग शिकायचा विषय

क्रिकेटमधला डीआरएस आपल्याला तोंडपाठ आहे. तसाच प्रकार आता अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये आलाय. २०२६ च्या सीझनपासून 'बॉल की स्ट्राइक' या अंपायरच्या निर्णयाला आव्हान देता येतं. हॉक-आयचे कॅमेरे चेंडूची जागा मोजतात आणि निकाल लगेच स्क्रीनवर दिसतो. प्रत्येक टीमला सुरुवातीला दोन चॅलेंज मिळतात. बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. चॅलेंज घ्यायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने. कोचला विचारायची सोय नाही.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. चेंडूंची ही मोजमापं फुकट मिळतात. २०१५ पासून लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा आहे आणि तिचा डेटा 'बेसबॉल सॅव्हंट' साइटवरून डाउनलोड करता येतो. 'पायबेसबॉल' ही पायथॉनची लायब्ररी तर तारीख दिली की अख्खं टेबल आणून देते. लॅपटॉप नसला तरी गूगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतं. मी सुरुवात तिथेच केली.

याआधी दोन कोर्स अर्धवट सोडले होते. यावेळी मात्र प्रश्न माझा स्वतःचा होता: अंपायर किती चेंडूंवर चुकतो?

बॅटरने बॅट न फिरवलेले चेंडू वेगळे काढले. प्लेट १७ इंच रुंद, म्हणजे मधोमधपासून दोन्हीकडे साडेआठ. कोडमध्ये ८.५ टाकलं आणि रन केलं. एकही एरर नाही! पण निकाल बघितला तर प्लेटच्या बाजूने बाहेर गेलेला एकही चेंडू नाही. असं कसं होईल?

डोकं खाजवल्यावर कळलं, हा डेटा फुटांत असतो. मी चक्क १७ फूट रुंद प्लेट बनवली होती! ८.५ ला १२ ने भागून ०.७१ फूट केलं. तरी काम संपलं नाही. चेंडूची नुसती कड प्लेटवरून गेली तरी स्ट्राइक असतो, म्हणून चेंडूची त्रिज्या, साधारण दीड इंच, वाढवावी लागली. उंचीची मर्यादाही बॅटरगणिक वेगळी. नव्या नियमात वरची रेघ त्याच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर असते.

एवढा कोड आज एआय काही सेकंदांत लिहून देतं. पण १७ फुटांची प्लेट बघून 'काहीतरी गडबड आहे' हे ओळखायला खेळ कळावा लागतो. एरर आला नाही म्हणजे उत्तर बरोबर आलं, असं नसतं. डेटाच्या कामात खरी किंमत या शंकेला आहे.

माझा पुढचा प्रश्न तयार आहे: ग्लोव्ह अलगद आत ओढून बाहेरचा चेंडू स्ट्राइक भासवणाऱ्या कॅचरचं आता काय होणार? चॅलेंज मोजकेच असल्यामुळे ही कला लगेच संपेल असं मला वाटत नाही. डेटा मात्र सगळ्यांसाठी खुला आहे. तुम्हीच तपासून बघा की!