बंद गल्ली आणि चालते पाय

उतारवयात आहार, औषध आणि झोप यांविषयी आपण डॉक्टरांचा सल्ला घेतो. घराबाहेरच्या रस्त्याविषयी मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः साठी-सत्तरीनंतर मनुष्य किती चालतो, हे त्याच्या गुडघ्यांइतकेच त्याच्या वस्तीच्या आखणीवरही अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि तीन दिवस तोल व ताकद राखणारे व्यायाम सुचविले आहेत. ही मिनिटे दूध, देऊळ, दवाखाना आणि शेजार यांच्या निमित्ताने सहज भरतात. अट एवढीच, की तेथवर पायी जाता आले पाहिजे.

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील खांडबाऱ्यासारख्या गावात हा विचार कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु लहान गावेही आता गावठाणाची वेस ओलांडून शेतांत पसरत आहेत, आणि मोठ्या शहरांत जे घडून गेले तेच तेथे नव्याने घडू पाहत आहे. यासाठी धुळ्याचे उदाहरण पाहावे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोवर धुळे हेच खांडबाऱ्याचे जिल्ह्याचे ठिकाण होते. कचेरीच्या कामासाठी तेथील गल्ल्या तुडविलेले अनेक वाचक असतील.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले आणि पांझरेच्या दक्षिण काठी नवी वसाहत आखविली. सरळ रस्ते आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही त्या भागाची आजही ओळख आहे. अशा आखणीचा लाभ वृद्धांना विशेष होतो. एक गल्ली खोदलेली असेल तर दुसरीने जावे. उन्हाळ्यात ज्या बाजूस सावली असेल ती धरावी. दम लागला तर मधल्या बोळातून लवकर घरी परतावे. जागोजागी ओळखीचे ओटे असतात, ते वेगळेच.

पुढे शहर नदीपलीकडे देवपुरात आणि साक्री रस्त्याच्या बाजूने वाढले. २०१८ च्या हद्दवाढीत वलवाडी, महिंदळे यांसारखी गावेही महापालिकेत आली. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांच्या कडेला असा विस्तार एका ठरावीक रीतीने होतो. एका गटाचा मालक जमीन बिनशेती करून प्लॉट पाडतो. त्याचा अंतर्गत रस्ता शेताच्या बांधापाशी संपतो. काही वर्षांनी शेजारचा गट विकला जातो. त्याचा रस्ता दुसरीकडून येतो आणि त्याच बांधापाशी थांबतो. मध्ये कुंपणाची भिंत उभी राहते. गुंठेवारीत तर जेमतेम गाडी जाईल एवढीच वाट सोडलेली असते. रस्ते वाढतात, पण एकमेकांना भेटत नाहीत.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील शतकभराच्या रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे नव्या वस्त्यांतील रस्त्यांचा तुटकपणा १९९४ च्या सुमारास शिगेला पोहोचला आणि नंतर काहीसा ओसरला. २०२० मध्ये त्यांनी जगभराचा आढावा घेतला, तेव्हा १९७५ नंतर अनेक देशांत नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेल्याचे दिसले. त्यांचा मुख्य इशारा असा, की घरे पाडून पुन्हा बांधता येतात, पण एकदा पडलेल्या रस्त्याची रेषा पिढ्यान्पिढ्या बदलत नाही.

याचा घरातील ज्येष्ठांवर काय परिणाम होतो? समजा, आईची मैत्रीण भिंतीपलीकडे ५० मीटरवर राहते, पण रस्त्याने तेथे जाण्यास ७०० मीटर पडतात आणि त्यातला निम्मा भाग ट्रकच्या रहदारीचा आहे. मुलगा मोटारसायकलने दोन मिनिटांत जातो. त्यास काहीच उणे भासत नाही. आई मात्र आधी रोज, मग आठवड्याने आणि अखेरीस सणासुदीलाच जाते. चालणे थांबले की मांड्यांची ताकद घटते, तोल जातो, पडण्याचे भय वाढते आणि त्या भयाने चालणे आणखी कमी होते. घरचे म्हणतात, "आता वय झाले." पुष्कळदा वयाआधी वाट संपलेली असते.

म्हणून घरात वृद्ध असतील तर पुढील गोष्टी कराव्यात. त्यांच्यासह सकाळी एकदा चालून घरापासून किराणा, देऊळ, दवाखाना व एक ओळखीचे घर अशा वाटा कागदावर काढाव्यात. बसण्याची जागा, मोकाट कुत्री, उघडी गटारे आणि निसरडे उतार यांच्या खुणा कराव्यात. रस्ता ओलांडण्याचे हिशेब बहुधा सेकंदाला १.२ मीटर चालणारा मनुष्य धरून केलेले असतात; आपल्या माणसाची चाल त्याहून मंद असेल, तर मोठा रस्ता ओलांडताना सोबत द्यावी. नवे घर घेताना खोल्यांइतकीच चौकशी रस्त्याची करावी: तो पुढे कोठे मिळतो की भिंतीशी संपतो?

उरलेले काम सर्वांनी मिळून करावयाचे आहे. बंद गल्लीतून मोटारींची वर्दळ होत नाही, म्हणून ती अनेकांना आवडते, आणि ते योग्यही आहे. परंतु भिंतीत एक मीटरभर रुंदीची पायवाट ठेवून तिच्या तोंडाशी खांब रोवले, तर वाहने अडतात आणि माणसे जातात. हे कुंपण बांधण्यापूर्वी सुचविणे सोपे असते. नंतर शेजाऱ्यांची मनधरणी करावी लागते. गावात नवा ले-आउट पडत असेल तर ग्रामसभेत आणि शहरात विकास योजनेवर हरकती-सूचना मागविल्या जातात तेव्हा, शेजारच्या गटाच्या रस्त्याशी जोड मागावी. अर्जावर ज्येष्ठांच्या सह्या घ्याव्यात आणि शक्य तर त्यांनाही सभेस न्यावे. ज्यांना ती वाट रोज चालावयाची आहे, त्यांच्याच तोंडून ती मागणी अधिक नेमकी मांडली जाते.