विषाची चाहूल

एका भगिनीनें पृच्छा केली आहे कीं, बाजारांतून आणलेल्या भाजीवर कीटकनाशक आहे कीं नाहीं, हें घरच्या घरीं ओळखण्याचें यंत्र आहे काय? प्रश्न आमच्याहि जिव्हाळ्याचा आहे. आमची नात टोमॅटो धुण्याची वाट पाहत नाहीं.

मज्जातंतूची आज्ञा स्नायूला पोंचते ती ॲसिटिलकोलीन नांवाच्या द्रव्याच्या द्वारें. आज्ञा पोंचतांच तें द्रव्य नाहींसें व्हावें लागतें. हें काम ॲसिटिलकोलीन-एस्टरेझ हें विकर करतें. ('विकर' ह्या नव्या शब्दापेक्षां 'किण्व' हा जुना संस्कृत शब्द आम्हांस अधिक रुचला असता, मूळ ग्रीक शब्दांतहि आंबवणाचाच भाव आहे. पण आतां आमचें कोण ऐकतो!) मोनोक्रोटोफॉससारखीं ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकें नेमका ह्याच विकराचा गळा धरतात. कीड मरते ती त्यामुळें, आणि माणूसहि त्यामुळेंच.

शास्त्रज्ञांनीं ह्या दोषाचाच उपयोग करून घेतला. कार्बनच्या लहानशा विद्युदग्रावर हें विकर बसवितात व त्याला ॲसिटिलथायोकोलीनचा द्राव देतात. विकर त्या द्रव्याचे तुकडे करतें. त्यांतून निघालेल्या थायोकोलीनचें ऑक्सिडीकरण होऊन सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो. मग तीच पट्टी कांहीं मिनिटें भाजीच्या अर्कांत ठेवून प्रवाह पुनः मोजावयाचा. तो १०० वरून ६० वर उतरला, तर ४० टक्के विकर निकामी झालें असें समजावें. मधुमेही वाचकांजवळचें रक्तशर्करा मोजण्याचें यंत्र ह्याच कुळांतलें. ह्या कुळाचा पाया १९६२ सालीं अमेरिकेंत क्लार्क व लायन्स ह्यांनीं घातला. फरक एवढाच कीं, तेथें विकर किती काम करतें हें पाहतात, येथें तें किती थांबलें हें.

परंतु घरीं त्यावर विसंबण्याचा सल्ला आम्ही देणार नाहीं. विष कोणतें, हें तें सांगत नाहीं. इमिडाक्लोप्रिड ह्या विकराच्या वाटेस जातच नाहीं, म्हणून तें दिसतहि नाहीं. क्लोरपायरिफॉसचें आधीं ऑक्सिडीकरण केल्यावांचून तें नीट सांपडत नाहीं. शिवाय उष्णतेनें विकर बिघडतें. तेव्हां भगिनीनें तूर्त भाजी वाहत्या पाण्यानें चांगली चोळून धुवावी. जें विष पानाच्या आंत मुरलें, तें मात्र त्यानेंहि जात नाहीं.

आम्हांस ह्या यंत्राची खरी निकड अन्यत्र दिसते. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. हेंच विकर आपल्या तांबड्या रक्तपेशींतहि असतें. माणूस कोसळण्यापूर्वींच रक्ताच्या तपासणीवरून तें किती घटलें हें कळूं शकतें. म्हणून असें यंत्र स्वस्त झालेंच, तर तें आमच्या स्वयंपाकघराच्या आधीं बांधावर जावें. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचीं शेतें आहेत. पाठीवर पंप घेऊन दोन गडी तोंडाला नुसतें फडकें बांधून फवारतात. त्या दोघांची ही रक्ततपासणी हंगामापूर्वीं व हंगामांत करवून घे, असें आम्हीं त्याला परवांच लिहिलें आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे.