पोटासाठी की देशासाठी?

नागपूरच्या गांधीबागेतील कापड बाजारात रोज कितीतरी माणसे पोटासाठी राबतात. त्यांना कोणी नावे ठेवत नाही. मग 'हा पगारासाठी सैन्यात गेला' असे म्हणताना आपला सूर का बदलतो?

मला वाटते, पोटासाठी सैन्यात जाण्यात काहीच कमीपणा नाही. अब्दुल हमीद यांचेच उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशातील धामुपूर गावच्या एका शिंप्याचे ते पुत्र. १९५४ साली ते सैन्यात भरती झाले. सप्टेंबर १९६५ मध्ये, पंजाबातील खेमकरणजवळच्या लढाईत, त्यांनी जीपवरील तोफेने शत्रूचे रणगाडे एकामागून एक फोडले. तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. असे धैर्य पगाराने विकत मिळत नाही.

मग ते येते कोठून? गांधीबागेपासून कामठी फार दूर नाही. तेथे गार्ड्स रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९४९ साली उभारलेल्या या रेजिमेंटमध्ये निरनिराळ्या प्रांतांचे व धर्मांचे जवान एकत्र राहतात, एकत्र जेवतात. 'माझा सोबती मला सोडून पळणार नाही' हा विश्वास अशा सहवासातच रुजतो. संकटात जवानाचे पाय घट्ट रोवून ठेवतो, तो हाच विश्वास.

२०२२ साली अग्निपथ योजना आली, तेव्हा पहिली नेमणूक चारच वर्षांची ठरली. म्हणून सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्याने पगाराचा हिशेब जरूर करावा. पण स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा : सोबत्याने माझ्यावर विसंबून राहावे, असा मी आहे का?